भागूजी हवालदारांचा तांब्या

"आठराशे सत्तावन साली म्या आसतो ना, तर मला पलटनीच्या दारातबी कुनी हुबं केलं नसतं," असं भागूजी हवालदार शाळेतल्या पोरांना सांगायचे. पोरं ठरल्याप्रमाणे विचारायची, "का वो आबा?" मग आबा आ करून दाखवायचे. वरचे समोरचे दोन दात गायब. त्या काळच्या बंदुकीचं काडतूस म्हणजे कागदाची पुडी. ती दातांनी फाडायची आणि आतली दारू नळीत ओतायची. "दात न्हाई त्यो पुडी फाडनार कसा? आन् पुडी फाडत न्हाई त्यो शिपाई कसला?" एवढं बोलून ते थांबायचे, सगळ्यांकडे एकदा बघून घ्यायचे आणि म्हणायचे, "समदी पलटन माज्यावानी बोळकी आसती, तर बंडच झालं नसतं की रं! चरबी गायीची का डुकराची, इचारलं आसतं कुनी?"

दात गेले कसे, याचं उत्तर मात्र दर वेळी वेगळं असायचं. कधी बंदुकीचा दस्ता तोंडावर बसला म्हणून, कधी बर्फात राहून दगड झालेली चपाती चावली म्हणून. बायको जवळपास असली तर तिच्या हातच्या नाचणीच्या भाकरीमुळे. ती आतून ओरडायची, "मंग अजून बत्तीस कशाला ठिवल्यात?" "तीस," हवालदार शांतपणे दुरुस्त करायचे.

राजगडाच्या पायथ्याशी, गुंजवण्याच्या अलीकडे एका गावात सातवीपर्यंतची शाळा आहे. तिथे मी अकरा वर्षं मास्तर होतो. ओढ्याच्या अलीकडे देवळाभोवतीची वरची वाडी, पलीकडे पंधरा-वीस घरांची बौद्धवस्ती. शाळा ओढ्याच्या अलीकडे. भागूजी हवालदार पलीकडचे. फौजेत सतरा वर्षं हत्यारं दुरुस्त करण्याचं काम करून ते गावी परतले होते. गावात दुरुस्त करायला बंदुका नव्हत्या, म्हणून ते फवारणीचा पंप, शाळेची घंटा, माझी सायकल आणि देवळाचा लाऊडस्पीकर दुरुस्त करायचे.

त्यांची काम करायची एक रीत होती. कुठलीही वस्तू उघडण्याआधी ते जमिनीवर पांढरं फडकं अंथरायचे. निघालेला प्रत्येक खिळा, प्रत्येक चकती ज्या क्रमाने निघाली त्या क्रमाने फडक्यावर मांडायची. मध्ये कुणी बोललेलं चालायचं नाही. एकदा माझ्या सायकलीचं काम चाललं असताना एक बारीकशी चकती घरंगळून गवतात गेली. मी म्हटलं, "जाऊ द्या हो हवालदार, किरकोळ आहे." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मीच गवतात गेलो असतो तर बरं झालं असतं. अर्धा तास दोघं गुडघ्यांवर रांगलो. चकती सापडल्यावर ती फुंकून फडक्यावर ठेवत ते म्हणाले, "किरकोळ आसंल त्येच आडतं गुरुजी. येवढ्याशा स्प्रिंगपायी आख्खी मशीनगन गप बसल्याली बगितलीया म्या."

घरात वीज आली, इस्त्री आली, तरी ते शर्टाला इस्त्री करायचे ती तांब्यात निखारे भरून. त्यांचे पितळेचे तांबे दोन होते. एक इस्त्रीचा, एक पाण्याचा. दोन्ही इतके घासलेले, की त्यात बघून भांग पाडावा. इस्त्रीचा कुठला आणि पाण्याचा कुठला, हे मला कधी ओळखता आलं नाही. ओळखायची वेळ का आली नाही, ते पुढे येईल.

आता थोडं माझ्याविषयी, कारण हवालदारांचं सांगताना मला लपून राहता येणार नाही. मला माइक दिसला की राहवत नाही. नाटुकली लिहायची, बसवायची, सूत्रसंचालन करायचं ही माझी खोड. एका स्नेहसंमेलनात समोर बसलेल्या अध्यक्षांचा मी 'कैलासवासी' असा उल्लेख केला होता. घाईत भलताच कागद हातात आला होता. अध्यक्षांनी उभं राहून नमस्कार केला तेव्हा टाळ्या पडल्या. एकदा चाळीस पोरं घेऊन राजगड चढायला निघालो आणि आत्मविश्वासाने जी वाट धरली ती एका म्हशीच्या गोठ्यात संपली. असल्या फजित्या मी रंगवून सांगतो, लोक हसतात, मलाही आपण मोठे दिलदार वाटतो. स्वतःवर हसणाऱ्या माणसाला सगळं माफ असतं, असा माझा पुष्कळ वर्षं समज होता.

तर एका पंधरा ऑगस्टला मी सत्तावनच्या बंडावर नाटुकलं लिहिलं. बराकपूरच्या त्या शिपायाचं, ज्याने एकट्याने परेडच्या मैदानात येऊन पहिली गोळी झाडली. पण सुरुवात मी त्याच्याही आधीपासून केली होती. दारूगोळ्याच्या कारखान्यातला एक मजूर एका शिपायाकडे त्याच्या लोट्यातलं पाणी मागतो. शिपाई म्हणतो, तुझ्या जातीचा माणूस शिवला तर माझा लोटा बाटेल. मजूर हसून म्हणतो, लोट्याचं काय घेऊन बसलास, नव्या काडतुसांना कसली चरबी लावलीय ते ठाऊक आहे का? उद्या दातांनी तीच फोडायचीत. आणि वणवा पेटतो. खरं तर तो शिपाई वेगळा आणि बराकपूरचा वेगळा. पण पात्रं कमी होती, म्हणून मी दोघांचा एक केला.

शाळेत सगळ्यांत खणखणीत आवाज होता पाचवीतल्या सुजाताचा. ही हवालदारांची नात. तिने वर्गात हात वर करून सांगितलं, "सर, मी शिपाई होणार." मी म्हटलं, "बघू." मग पात्रांची यादी लिहायला बसलो. शिपाई म्हणून शाळा समितीच्या अध्यक्षांचा नातू ओंकार. त्याला चार वाक्यं सलग पाठ होत नसत, पण अध्यक्षांनी मंडपाची सोय केली होती. आणि मजूर म्हणून सुजाता.

मी तुम्हाला शपथेवर सांगतो, तेव्हा माझ्या मनात काहीसुद्धा नव्हतं. आमच्या घरात जातपात पाळत नाहीत, हे मी इतक्या लोकांना इतक्यांदा सांगितलेलं आहे, की माझा त्याच्यावर विश्वास बसलेला होता. पाणी मागणाऱ्या, पाणी नाकारल्या जाणाऱ्या मजुराच्या नावापुढे माझा हात आपसूक ओढ्यापलीकडचं नाव लिहून गेला. अख्ख्या शाळेत चौऱ्याण्णव पोरं होती.

दुसऱ्या दिवशी सुजाता तालमीला आली नाही. तिसऱ्या दिवशी तिच्याऐवजी हवालदार आले. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी.

"सुजाताला ते मजुराचं काम जमायचं न्हाई, गुरुजी. तिच्या जागी म्या करतो."

मी हरखलो. "अहो हवालदार, तुम्ही खरेखुरे फौजी! तुम्ही तर शिपाई व्हायला हवं!"

"शिपाई म्या सतरा वर्सं व्हतो," ते म्हणाले. "मजूर कोन हुनार, त्येचा सवाल हाय."

मग त्यांनी फडकं सोडलं. आत पाण्याचा तांब्या. "लोटा लागंल ना तुमाला? ह्यो घ्या. माज्याच तांब्यातलं पानी मलाच नाकारायचं, म्हंजी नाटक जरा खरं वाटंल." मी पोट धरून हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, "येकच सांगनं हाय. फुडल्या वर्साला पोरीला शिपाई करा. तिला लई वाटतंय."

"शब्द दिला," मी म्हणालो. शब्द द्यायला मला तेव्हा फारसं काही लागत नसे.

तालमीत त्यांनी पोरांना बांबूची बंदूक करून दिली, वहीच्या कागदाच्या पुड्या करून त्यात नाचणीचं पीठ भरलं, आणि काडतूस फाडण्यापासून गजाने दारू ठासण्यापर्यंत सगळी कवायत शिकवली. एका संध्याकाळी सगळे गेल्यावर माझ्या टेबलावरचं बंडाचं पुस्तक चाळत त्यांनी विचारलं, "गुरुजी, त्या मजुराचं फुडं काय झालं?"

"कुठल्या?"

"त्यो, पानी मागनारा."

मी म्हटलं, "काही माहीत नाही. नावसुद्धा नाही त्याचं."

"शिपायाचं नाव हाय. सायबाचं हाय. सायबाच्या घोड्याला गोळी लागली, त्येबी लिवलंय." त्यांनी पान उलटलं, परत उलटलं, गवतात चकती शोधावी तसं. "त्येला पानी भेटलं का न्हाई, ह्ये कुटं लिवलंय?"

"हवालदार, असल्या किरकोळ गोष्टी इतिहासात नसतात," मी म्हणालो. सायकलीची चकती मी तोवर विसरलोही होतो. त्यांनी पुस्तक मिटलं आणि ते घरी गेले.

पहिल्या वर्षी नाटुकलं छान झालं. दुसऱ्या वर्षी गावाने तेच पुन्हा मागितलं, आणि मी पुन्हा पात्रांची यादी लिहायला बसलो. सुजाता आता सहावीत. अध्यक्ष आदल्या दिवशी शाळेत येऊन गेले होते. ते काही बोलले नाहीत, फक्त "यंदा ओंकारचा ड्रेस भाड्याने आणलाय पुण्याहून" एवढं म्हणाले. मी यादी लिहिली. शिपाई, ओंकार. सुजाताला बोलावून समजावलं, "तुझं पाठांतर चांगलं आहे. तू पडद्यामागून ओंकारला वाक्यं सांग. ते फार जबाबदारीचं काम असतं." तिने माझ्याकडे पाहिलं आणि वही घेतली. हवालदारांना काय तोंड दाखवू, अशी मला भीती होती. पण ते ठरल्या वेळी तांब्या घेऊन हजर. शब्दाची आठवण त्यांनी करून दिली नाही. उलट नाटकाच्या आदल्या दिवशी बसून त्यांनी देवळातला लाऊडस्पीकर दुरुस्त केला आणि त्याचे दोन कर्णे शाळेपुढच्या झाडावर बांधले. एक वरच्या वाडीकडे तोंड करून, एक ओढ्यापलीकडे.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं आणि पडदा उघडला. पडदा म्हणजे दोन चादरी. डावीकडे टेबलामागे माइक घेऊन मी. समोर पटांगणात गाव. वस्तीतल्या बायाबापड्या नेहमीच्या जागी, नळाजवळ, कडेला. ओंकार भाड्याच्या लाल कोटात, कमरेला पट्टा, हातात हवालदारांचा तांब्या. मजूर झालेले हवालदार आले, म्हणाले, "शिपाईदादा, तहान लागलीया. वाईच पानी द्या." ओंकारने त्याचं वाक्य म्हटलं, "चालता हो, माझा लोटा बाटेल!" इथे मजुराने हसून चरबीचं वाक्य म्हणायचं होतं.

हवालदार ते बोललेच नाहीत. त्यांनी खाली बसून ओंजळ पुढे केली आणि ते तसेच बसून राहिले.

मला वाटलं, म्हातारा वाक्य विसरला. ओंकार घाबरला. त्याच्यापुढे एक पासष्ट वर्षांचा माणूस ओंजळ धरून बसलेला, आणि हे वहीत कुठे नाही. नेहमीप्रमाणे त्याने वाक्यासाठी पडद्याकडे कान केला. आणि पडद्यामागून सुजाताचा तो खणखणीत आवाज आला, "ओत की रे."

ओंकारने ओतलं.

त्या क्षणी मला एकच गोष्ट दिसली. माझं नाटक बुडालं. पाणी दिलं तर टोमणा नाही, टोमणा नाही तर चरबीची बातमी नाही, बातमी नाही तर बंड कसलं? दोन मिनिटांत सत्तावन संपत होतं. मी माइक हिसकून उभा राहिलो आणि जिवाच्या आकांताने ओरडलो, "अरे, थांब! त्याला पाणी द्यायचं नाही! त्याला शिवू देऊ नकोस तांब्याला!"

कर्णे चांगले दुरुस्त झाले होते. 'शिवू देऊ नकोस' समोरच्या डोंगरावर जाऊन आदळलं आणि परत आलं. ओंकारने घाबरून तांब्या छातीशी ओढला. वरच्या वाडीच्या बाजूने मोठा हशा उठला. मीही हसलो. मला वाटलं, चला, वेळेवर सावरलं.

नळाजवळ कुणी हसलं नाही. एक म्हातारी उठली, नातवाला काखेत मारलं आणि ओढ्याच्या वाटेला लागली. हवालदारांच्या ओंजळीत थोडं पाणी होतं. ते त्यांनी पिऊन टाकलं, हातांनी मिशा पुसल्या आणि मग उभं राहून चरबीचं वाक्य म्हटलं, जसंच्या तसं. नाटक पुढे गेलं, पहिली गोळी झाडली गेली, टाळ्या पडल्या. सुजाताने वही माझ्या टेबलावर आणून ठेवली, नीट, कडा जुळवून.

सगळं आवरल्यावर हवालदार माझ्याजवळ आले. तांब्या फडक्यात गुंडाळत म्हणाले, "माइक चांगला लागला, गुरुजी. पार वड्याच्या पल्याड आवाज गेला."

आणि मी, मी त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, "तुमचीच कृपा, हवालदार!"

हे इथेच संपलं असतं तर एक वेळ बरं. पण मी गोष्टी सांगणारा माणूस. पुढची कित्येक वर्षं 'मी सत्तावन कसं वाचवलं' हा माझा हुकमी किस्सा झाला. वेल्ह्याला शिक्षकांच्या बैठकीत, भोरला लग्नाच्या पंगतीत, मार्गासनीच्या फाट्यावर एसटीची वाट बघताना. शेवटी मी आवाज चढवून ते वाक्य म्हणायचो आणि लोक लोळायचे. हवालदारांची ओंजळ मी करून दाखवायचो. ती मला चांगली जमायची.

या काळात हवालदारांकडे माझं जाणं-येणं होतंच. घंटा बिघडली, चष्म्याची काडी तुटली, चाललो ओढा ओलांडून. ते ओट्यावर फडकं अंथरून बसलेले असायचे. त्यांनी कधी एका शब्दाने त्या दिवसाचा विषय काढला नाही. मला वाटायचं, विसरले. पुढे ते नाटकही बंद पडलं आणि सुजाता शिपाई न होताच सातवी पास होऊन वेल्ह्याच्या शाळेत गेली.

मी निवृत्त झालो तेव्हा निरोपाच्या समारंभात हवालदार पहिल्या रांगेत बसले होते. आभाराच्या भाषणात मी पुन्हा तोच किस्सा काढला. त्यांच्यासमोर! त्यांच्याकडे बोट दाखवून! लोक हसले. हवालदारांनी खाली बघत गुडघ्यावरची विजारीची घडी दोन बोटांनी सरळ केली. मग त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते माइकपाशी आले, सवयीने त्याचा स्क्रू घट्ट केला आणि म्हणाले, "गुरुजींच्या समदं ध्यानात ऱ्हातं. आमच्याबी ऱ्हातं." आणि जागेवर जाऊन बसले. मी टाळ्या वाजवल्या.

मी भोरला घर केलं. दोनेक वर्षांनी एका दुपारी भोरहून सुटणाऱ्या एसटीत सुजाता भेटली. कॉलेजातून घरी चालली होती. मला नसरापूरला जायचं होतं. शेजारी एक ओळखीचे पेन्शनर होते. मी त्यांना म्हटलं, "अहो, ही कोण ओळखा! हिच्या आजोबांनी आणि मी मिळून सत्तावन..." आणि गाडी कापूरहोळच्या पुढे जाईपर्यंत सगळा किस्सा झाला, ओंजळीसकट. पेन्शनर हसले. सुजाता खिडकीबाहेर बघत होती.

"सर, एक विचारू?"

"विचार की."

"तुम्ही आमच्या घरी किती वेळा आला असाल?"

"त्याला काय मोजदाद आहे! दुसरं घरच माझं ते."

"पाणी किती वेळा प्यालात?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. आणि मला ते ओट्यावरचे अकरा वर्षांतले सगळे दिवस ओळीने दिसायला लागले, पांढऱ्या फडक्यावर मांडल्यासारखे. मी येऊन बसायचो. आतून सुजाता तांब्या आणि पेला घेऊन यायची. आणि मी म्हणायचो, आत्ताच घेतलं. सर्दी झालीय गं. बाटली आहे बरोबर. एकदा तर भर वैशाखात म्हणालो होतो, थंडी वाजतेय. यातलं मी ठरवून काहीच केलं नव्हतं, आणि हेच फार वाईट आहे. ठरवून केलं असतं तर एखाद्या दिवशी ठरवून सोडलंही असतं. पण माझी जीभ माझ्या नकळत सगळं सांभाळत होती, तिकडे मी व्यासपीठावरून समतेवर बोलत होतो.

"तुम्ही येणार म्हटलं, की आबा तांब्याला चिंच लावून बसायचे," सुजाता म्हणाली. आवाज तोच खणखणीत, पण तिने तो खाली ठेवला होता. "आजी म्हणायची, कशाला घासताय, ते काय पीत न्हाईत. आबा म्हणायचे, आज पितील."

थोड्या वेळाने म्हणाली, "आणि त्या दिवशी ते वाक्य विसरले नव्हते, सर. त्यांना फक्त बघायचं होतं, कुणी देतं का."

नसरापूर आलं. मी उतरलो. पेन्शनर वरून म्हणाले, "किस्सा झकास आहे बरं का!"

पुढच्याच आठवड्यात मी निघालो. एप्रिलचं ऊन. एसटीत मी माफीचं भाषण पाठ करत होतो. चांगलं झालं होतं, दोन जागी माझा मलाच गहिवर आला. मार्गासनीला उतरलो तेव्हा मात्र धीर सुटला, म्हणून रसवंतीत बसलो. एक ग्लास घेतला. मग आणखी एक. त्या दोन ग्लासांच्या बळावर जीप पकडून गावात पोचलो आणि ओढा ओलांडला.

हवालदार ओट्यावर बाजेवर होते. अंग निम्मं झालेलं. हात थरथरत होते, म्हणून काम बंद. फडकं घडी करून उशाशी ठेवलेलं. शर्ट मात्र इस्त्रीचा.

"या गुरुजी, बसा."

मी बसलो नाही. उभ्यानेच म्हणालो, "हवालदार, आधी पाणी द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दारात उभी असलेली त्यांची सून आत वळली, तिला त्यांनी हाताने थांबवलं. स्वतः उठले, भिंत धरत आत गेले. बराच वेळ लागला. तांब्या दोन्ही हातांनी धरून बाहेर आले. पेला नव्हता, आणि मीही मागितला नाही. तांब्या तोंडाला लावून प्यायलो. समोर बाजेवर बसून ते माझ्या गळ्याकडे बघत होते, बिघडलेला पंप सुरू होतो का ते बघावं तसं.

तांब्या खाली ठेवला. त्यांनी विचारलं, "तहान लागली व्हती?"

"हो," मी म्हणालो. उसाचा रस अजून घशाशी होता.

"लई?"

"लई."

"मग घ्या की आजून." त्यांनी सुनेला हाक मारली. भरलेला तांब्या आला. मी प्यायलो. "उनाचं आलाय," ते म्हणाले, "आजून घ्या." तिसरा आला. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नव्हती, फक्त मिशीखाली जिथे दोन दात नव्हते, तिथे काहीतरी चाललं होतं. माफीचं सगळं भाषण पोटातल्या पाण्यात कधीच बुडालं होतं. तरी मी सुरुवात केली, "हवालदार, त्या दिवशी माइकवर मी..."

"माइक चांगला लागला व्हता," ते म्हणाले.

हे म्हणजे माफ करणं नव्हतं, आणि राग धरणंही नव्हतं. त्यांनी ती वस्तू जिथे होती तिथे फडक्यावर नुसती ठेवून दिली. मग त्यांनीच विचारलं, "त्या मजुराचं काय घावलं का कुटं, फुडचं?"

"नाही हवालदार."

"हुडका. रिकामंच आसताय आता." मग म्हणाले, "घावलं तर पोरीला सांगा. म्या आसन नसन."

त्या पावसाळ्याआधीच ते गेले. मजुराचं नाव मला अजून सापडलेलं नाही. पुस्तकं चाळतो. घोडा सापडतो.

त्या दिवशी पाणी पिऊन मी निघालो, ओढ्यापर्यंत गेलो. पोटात पाणी डुचमळत होतं, चालताना त्याचा आवाज येत होता. मागे वळून पाहिलं. हवालदार ओट्याच्या कडेला उभे होते, एका हाताने खांब धरून. दुसऱ्या हातात तांब्या. त्यांनी तो दारातल्या मिरचीच्या झाडावर पालथा केला, झटकला, मग उचलून डोळ्याजवळ नेला. एक डोळा मिटून, बंदुकीच्या नळीत बघतात तसं आत बघत होते. खरोखरच रिकामा झालाय का, ते.